रत्नागिरी ते गुहागर, गाडी आणि ड्रायव्हर घेऊन एका दिवसात: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

रत्नागिरीत आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. आलेल्यांपैकी निम्म्यांना दुसऱ्या दिवशी "समुद्राच्या कडेकडेने" जायचं असतं आणि रात्री साडेनऊला माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात. एकदा काय ते लिहून टाकते, म्हणजे लिंक पाठवली की माझं काम झालं.

नेमका रूट कुठला? कोकण तर केवढं मोठं आहे.

मी फक्त आमच्या इथून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्याबद्दल सांगतेय. रत्नागिरी, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, तिथून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून पलीकडे तवसाळ, मग हेदवी, वेळणेश्वर आणि दम असेल तर गुहागर. सागरी महामार्ग रेवस ते रेड्डी असा पूर्ण किनाऱ्याला समांतर आहे, पण खाड्यांपाशी तो तुटतो आणि मधे मधे बोट लागते. मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं घेतलंय. ते झाले की आमची फेरीची मजा गेलीच म्हणा, पण गावातल्या पेशंटला अर्ध्या रात्री पलीकडे न्यायचं असतं तेव्हा फेरीची मजा कोणाला आठवत नाही, त्यामुळे पूल व्हावेत असंच मला वाटतं.

आमची स्वतःची गाडी आहे, मग ड्रायव्हर कशाला?

खरं सांगू का, मुंबईहून किंवा पुण्याहून रात्रभर गाडी मारून आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टिअरिंगवर बसू नये. हा रस्ता हायवेसारखा नाही. वळण, उतार, चढ, गावातली बोळ, समोरून एसटी, मधेच रस्त्यात सुकत घातलेले काजू. जो चालवतो त्याला समुद्र दिसतच नाही, त्याला फक्त बाकीच्यांचं "अय्या ते बघा ते बघा" ऐकू येतं. मागच्या मे महिन्यात एक काका आले होते, चारशे किलोमीटर स्वतः चालवून, आणि संध्याकाळी परत आल्यावर म्हणाले की वहिनी, मी आज फक्त पाट्या बघितल्या.

दुसरं असं की इथल्या ड्रायव्हरला फेरीच्या वेळा, कुठल्या वळणावर गाडी लावायला जागा आहे, कुठे रस्ता उखडलाय, कुठल्या खानावळीत आधी फोन करावा लागतो हे सगळं पाठ असतं. गूगल मॅप एवढं सांगत नाही. मॅपने एका कुटुंबाला बोटीऐवजी थेट आतल्या वळशावर घातलं होतं आणि ते दुपारी तीनला उपाशी हेदवीला पोचले.

कुठे बसायचं गाडीत?

हसू नका, हा प्रश्न लोक विचारतात आणि बरोबर विचारतात. रत्नागिरीहून उत्तरेला जाताना समुद्र डाव्या हाताला. म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारची सीट आणि मागे डावीकडची खिडकी, या दोन जागा सोन्याच्या. येताना उलट. सकाळी ज्याला खिडकी मिळाली त्याने संध्याकाळी ती सोडायची असा नियम आधीच करून टाका, नाहीतर भावंडांची भांडणं मालगुंडपर्यंत चालतात.

ज्याला गाडी लागते त्याला मात्र पुढेच बसवा, तिथे वाद नको. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी, निघाल्यावर नाही. आलेपाक, आवळासुपारी जवळ ठेवा. पोट एकदम रिकामं ठेवून बसलं तर जास्त लागते असा आमच्याकडचा अनुभव आहे. आणि मुलांना वळणावर मोबाईल देऊ नका, पुढच्या वळणावर पिशवी शोधायची वेळ येते.

गाडी कुठून ठरवायची? ॲपवर मिळेल का?

रत्नागिरीत ॲपच्या भरवशावर राहू नका. स्टेशन शहरापासून लांब आहे, रिक्षा मिळते, पण दिवसभराची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवायची. जिथे उतरलाय त्या घरमालकाला विचारा, त्याच्या ओळखीचे दोन-तीन जण असतातच. गणपतीत, दिवाळीच्या सुट्टीत, नाताळात आणि मे महिन्यात चार-आठ दिवस आधी सांगा. शिमग्यात तर विचारूच नका, ड्रायव्हर स्वतः पालखी नाचवायला गावी गेलेला असतो.

गाडी बघताना एक गोष्ट न चुकता बघा. नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी, म्हणजे प्रवासी परवान्याची गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी भाड्याने देत असेल तर ती घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी. पोलिसांनी अडवलं तर तुमचा दिवस गेला आणि काही अपघात झाला तर विम्यावाले हात वर करतात. आमच्याच नात्यातल्या एकांनी पाचशे रुपये वाचवायला तसली गाडी घेतली होती, अर्ध्या वाटेत एसी बंद, मग ड्रायव्हरने शांतपणे सांगितलं की एसी चढावर चालत नाही, उतारावर लावू. पूर्ण दिवसात उतार कधी आलाच नाही.

भाडं कसं ठरतं? शेवटी फसवतात का?

फसवत नाहीत, पण नीट न बोलल्यामुळे कटकट होते. दोन पद्धती आहेत. एक, किलोमीटरवर, त्यात दिवसाचं कमीतकमी किलोमीटर धरलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी ते ३०० असतं. दुसरी, ठरलेला आकडा, अमुक ठिकाणं दाखवून परत. या रूटला मला दुसरी बरी वाटते, कारण रत्नागिरी ते गुहागर जाऊन येऊन साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर होतात. समजा दर १५ रुपये किलोमीटर आणि कमीतकमी ३०० धरले तर ४५०० झाले, फिरलात दोनशेच तरी. म्हणजे न फिरलेल्या शंभर किलोमीटरचे पैसे. त्यापेक्षा सरळ विचारा की दादा, सकाळी सातला निघून रात्री आठला परत, एवढी ठिकाणं, एकूण किती?

आकडा ठरला की पुढचं एकेक विचारून घ्या: फेरीबोटीचं तिकीट त्यात आहे का (बहुतेक वेळा नसतं, गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं), पार्किंग कोणाचं, ड्रायव्हरचा भत्ता धरलाय का, रात्री उशीर झाला तर तासाचे किती, आणि किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की त्याच्या घरापासून. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. गाडी चिपळूणहून येणार असेल तर तिचं येणंजाणं तुमच्याच डोक्यावर बसतं. हे सगळं व्हॉट्सॲपवर दोन ओळीत लिहून घ्या. कोणी रागावत नाही, उलट ड्रायव्हरलाही बरं वाटतं.

किती वाजता निघायचं?

घड्याळ नंतर, आधी भरती-ओहोटी बघा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण "हो हो" म्हणून दहा वाजता निघतो.

आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास आणि पहाटेही तीनच्या आसपास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बारा. पंधरा मिनिटं-अर्धा तास इकडेतिकडे होतं, पण मासे धरायला नाही, फिरायला जायचंय तुम्हाला, चालतं तेवढं. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी असतेच, मोबाईल लागत नाही.

याचा उपयोग काय, तर हेदवीची बामणघळ. समुद्राकाठी उमामहेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या पलीकडे काळ्या कातळात एक लांब अरुंद चीर पडलीये. भरतीला लाट त्या चिरेत शिरते, आत जागा नसते, मग दाबाने पाणी वर उडतं आणि तोफ डागल्यासारखा आवाज येतो. उधाणाच्या भरतीला तर अंगावर तुषार येतात. तेच ओहोटीला गेलात तर कातळात एक भेग, तळाशी थोडं पाणी, आणि तुमच्याकडे बघून हसणारा ड्रायव्हर. मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा एकादशी होती आणि दुपारचे दोन वाजले होते. शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, एवढ्यासाठी आलो? तिथीचा हिशोब मी त्यानंतर शिकले.

म्हणून माझा सल्ला, शक्य असेल तर विनायकी चतुर्थीच्या आसपासचा दिवस धरा. दुपारी तीनला हेदवीत भरती मिळते आणि गणपतीपुळ्याला संकष्टीइतकी गर्दी नसते. अंगारकीला तर पुळ्याच्या बाजूला फिरकूच नका, दर्शनाला जायचं असेल तर फक्त दर्शनाला जा, बाकी फिरणं विसरा.

बरं, पण तरी किती वाजता?

सातला. सातला म्हणजे गाडीत बसलेलं सातला, चहा मागवलेला सातला नाही.

दिवस साधारण कसा जातो?

सात ते साडेसातच्या दरम्यान आरे-वारे. रस्ता डोंगराच्या कुशीतून वळतो आणि एकदम खाली आरे आणि वारे अशा दोन्ही पुळणी (वाळूचे किनारे) दिसतात, मधे खडकाचं नाक. सकाळी ऊन मागून, डोंगराकडून येतं, त्यामुळे पाणी खरं निळं दिसतं. दुपारी तोच समुद्र नुसता चमकतो, डोळे दुखतात. फोटोसाठी वळणावरच गाडी थांबवायला ड्रायव्हरला सांगू नका. पुढे जागा आहे, तो थांबवेल. खाली सुरूच्या बनात पाच मिनिटं बसा, वाऱ्याने त्या झाडांतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येतो.

आठ-सव्वाआठला गणपतीपुळे. स्वयंभू, पश्चिमेला तोंड करून, आणि डोंगर हाच देव मानलेला असल्यामुळे प्रदक्षिणा देवळाला नाही, सगळ्या डोंगराला, जवळजवळ एक किलोमीटर. वाट बांधलेली आहे, आजी-आजोबांनाही जमते, सकाळी सावली असते. दर्शन झाल्यावर नाश्ता करून घ्या, घावणे किंवा आंबोळी मिळाली तर.

आता पुळ्याच्या समुद्राबद्दल, कारण हे गमतीवारी घ्यायचं नाही. तिथे पाण्यात जाऊ नका. पायाचे घोटे भिजले की बास. वाळू एकदम उतरते, ओढ जबरदस्त आहे आणि दरवर्षी पोहता येणारी तरणी मुलं बुडाल्याची बातमी येते. पाट्या लावल्यात, शिट्ट्या वाजतात, तरी लोक जातात. पोहायची हौस असेल तर वेळणेश्वरपर्यंत दम धरा आणि तिथेही आधी गावकऱ्याला विचारा.

पुळ्याच्या पुढे लगेच मालगुंड. केशवसुतांचं जन्मगाव, १८६६ चा जन्म. त्यांचं घर जुन्या पद्धतीचं जपून ठेवलंय आणि शेजारी कवितांचं दालन आहे. अर्धा तास पुरतो, पण हा अर्धा तास कापू नका. पुण्याच्या एका आजींनी तिथे उभ्या उभ्या "एक तुतारी द्या मज आणुनि" म्हणायला सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला त्यांचा ड्रायव्हर सामील झाला, त्याला शाळेत होती. आणि ज्या तुतारी एक्सप्रेसने तुम्ही दादरहून येता ना, तिचं नाव याच कवितेवरून ठेवलंय, हे दहापैकी नऊ जणांना माहीत नसतं.

पुढे जयगडच्या रस्त्यावर कऱ्हाटेश्वर. मोठ्या देवळांच्या नादात लोक हे सोडतात. देऊळ अगदी समुद्राच्या तोंडावर, खाली पायऱ्या उतरून गेलं की गोड्या पाण्याचा झरा आणि चार हातांवर खारं पाणी आपटतंय. माणसं कमी, आवाज फक्त लाटांचा. जयगडचा किल्ला खाडीच्या तोंडावर आहे, तटबंदी बरीच शाबूत, बुरुजावरून एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला बंदर दिसतं. विजेच्या कारखान्याची चिमणीही दिसते. फोटोत ती येऊ नये म्हणून लोक फार कसरत करतात. असू दे की, आहे ती आहे.

मग फेरी. त्यावर वेगळं लिहिते.

फेरीबोटीत गाडी घालायची भीती वाटते. काय करायचं असतं?

तुम्हाला काही नाही. तुम्ही खाली उतरा, गाडी ड्रायव्हर चढवेल. बोटीवरचा माणूस हाताने खुणा करत असतो, "अजून, अजून, बास!" आणि आरशाला आरसा घासेल इतक्या जवळ गाड्या लावतात. मग दार उघडता येत नाही, म्हणून आधीच उतरायचं. पर्स, पाण्याची बाटली आणि लहान मूल गाडीत विसरू नका (तिसरं एकदा होता होता राहिलंय). पंधरा मिनिटांचा प्रवास. पाणी शांत असतं, खाडीचं असल्यामुळे. एसटीतून उतरलेल्या बायका टोपल्या घेऊन, मोटरसायकलवाले, आंब्याच्या दिवसात पेट्यांनी भरलेला टेम्पो, सगळे एकाच बोटीत.

बोट किती वेळाने आहे ते ड्रायव्हर सकाळीच फोन करून विचारतो, त्याला आठवण करा. संध्याकाळची शेवटची बोट किती वाजता हे तर जाताना धक्क्यावरच विचारून ठेवायचं, इंटरनेटवरची वेळ धरून बसू नका. चुकली तर भातगावच्या पुलावरून वळसा आहे, पोचता येतं, पण अंधारात, वळणावळणाने आणि चांगला जास्तीचा वेळ घालवून. आमचे एक पाहुणे वेळणेश्वरला "अजून पाच मिनिटं" करत बसले आणि तवसाळला पोचले तेव्हा बोटीचा दिवा पलीकडच्या काठाला होता. त्या रात्री ते पावणेअकराला आले, मी आमटी तिसऱ्यांदा गरम केली.

तवसाळनंतर?

तवसाळ ते हेदवी रस्ता वर सड्यावरून जातो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान, उन्हाळ्यात नुसतं तपकिरी, पावसानंतर ऑगस्ट-सप्टेंबरात बारीक फुलांनी भरलेलं. हेदवीत आधी दशभुज गणपती, दहा हातांची पांढऱ्या संगमरवराची मूर्ती, मग जेवण, मग तिथी बघून बामणघळ. घळीच्या कडेला उभं राहून सेल्फी काढू नका, कातळावर शेवाळ असतं. नाव का पडलं ते ड्रायव्हरला विचारा, प्रत्येकाची गोष्ट वेगळी, पण सगळ्यात कोणीतरी आत पडलेला असतोच.

वेळणेश्वर म्हणजे माडांची रांग, अर्धचंद्रासारखी पुळण आणि शंकराचं देऊळ. इथे काही "बघायचं" नाही, बसायचं.

गुहागर करायचंच का?

व्याडेश्वर तुमचं कुलदैवत असेल तर प्रश्नच नाही, जा. बऱ्याच चित्पावन घराण्यांचं आहे आणि पुण्याहून येणारे निम्मे लोक त्यासाठीच येतात. पण मग मालगुंड किंवा जयगडचा किल्ला सोडा. अभिषेक करायचा असेल तर आधी गुरुजींशी बोलून ठेवा आणि दिवसाची आखणी उलटी करा, सकाळी पहिल्या बोटीने थेट गुहागर, मग येताना बाकीचं.

कुलदैवत नसेल आणि नुसतं यादीत आहे म्हणून जायचं असेल तर माझं मत आहे की वेळणेश्वरला थांबा आणि मागे फिरा. गुहागरची पुळण लांबलचक आणि सुंदर आहे, पण तिला एक मुक्काम द्यावा. वीस मिनिटांत चप्पल हातात घेऊन धावत बघायची ती गोष्ट नाही.

दाभोळ, हर्णै, मुरुड-जंजिरा पण त्याच दिवशी होईल का?

नाही.

(होतं म्हणणारा ड्रायव्हर मिळाला तर तो बदला.)

जेवायचं कुठे? मासे मिळतील ना?

मिळतील, पण हॉटेल शोधत फिरू नका. हेदवी-वेळणेश्वर भागात घरगुती खानावळी आहेत आणि त्यांना सकाळी दहाच्या आत फोन गेला पाहिजे, किती माणसं, किती शाकाहारी. त्या बाई तेवढंच करतात. ऐन दीड वाजता सहा जण दारात उभे राहिलात तर वरणभातच मिळेल, आणि तो मिळाला तरी नशीब समजा. शाकाहारी ताटात मोदक, कुळथाचं पिठलं, डाळिंब्यांची उसळ, मोसमात फणसाची भाजी, आणि सोलकढी दोन्हीकडे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा आग्रह धरू नका, खाडीतलं काही मिळालं तर मिळालं.

आणि ड्रायव्हरचं जेवण. त्याला विचारा की दादा, आमच्याबरोबर बसता का. बरेच जण वेगळे बसतात, त्यांना फोनवर घरी बोलायचं असतं, दहा मिनिटं पाठ टेकायची असते. पण विचारा. आणि त्याचे पैसे तुम्ही द्या, ते भाड्यात धरून वाद घालू नका.

ड्रायव्हर दुकानात नेतो, कमिशन असतं का?

असतं कधी कधी, त्यात एवढं काय. कोकम, आंबापोळी, फणसपोळी, काजू तुम्ही घेणारच असता. आंब्याच्या पेटीचं मात्र जपून. एप्रिल-मेमध्ये "ओळखीच्या बागेत" नेतो म्हणाला तर बागेत खरंच झाडं आहेत का आणि आंबा तिथेच उतरवलाय का ते बघा. हापूसच्या नावाखाली बाहेरच्या राज्यातला आंबा पेटीत भरून देणारे रस्त्यावर बसलेले असतात, अगदी रत्नागिरीतसुद्धा. पेटी उघडून खालचा थर बघायला लाजू नका, आणि डिकीत जागा आहे का ते आधी बघा, सीएनजीचा सिलेंडर असेल तर दोन बॅगांच्या वर काही मावत नाही.

गाडी पुळणीवर नेता येईल का? रीलमध्ये बघितलं.

मला या प्रश्नाचा खरंच राग येतो. नाही. मागच्या हिवाळ्यात एक मोठी नवीकोरी गाडी (पाहुण्यांची स्वतःची, आमच्या ड्रायव्हरची नव्हे) ओल्या वाळूत घातली, मागची चाकं जागेवर फिरायला लागली, जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी खाली गेली, आणि भरती सुरू झालेली. आधी सहा जणांनी ढकललं, मग ट्रॅक्टर आला, तोपर्यंत दाराच्या खालच्या पट्टीला पाणी लागलं होतं. गावातली दोन पोरं कठड्यावर बसून शेंगदाणे खात मोजत होती, "अजून सात लाटा." ट्रॅक्टरवाल्याने किती घेतले ते मालकाने शेवटपर्यंत बायकोला सांगितलं नाही. शिवाय गुन्हा दाखल होतो तो वेगळा. ड्रायव्हर नाही म्हणाला की नाही.

पावसाळ्यात जावं का?

मला स्वतःला तेव्हाच आवडतं. आरे-वारेला ढग खाली येतात, समुद्र मातकट, सडा हिरवा. पण दिवस हातचा राखून ठेवा. बोट बंद असू शकते, झाड पडलेलं असू शकतं. दोन ठिकाणं ठरवा, सात नाही. पाण्याच्या जवळ अजिबात जायचं नाही, आणि ड्रायव्हरने मागे फिरू म्हटलं तर हुज्जत न घालता मागे फिरायचं. जादा कपड्यांचा जोड आणि सीटवर टाकायला जुना टॉवेल न्या, भिजलेल्या माणसांनी सीट खराब केली की पुढच्या भाड्याला त्यालाच बोलणी बसतात.

सूर्यास्त कुठे बघायचा?

डिसेंबरात सहा वाजून गेले की लगेच सूर्य बुडतो, मेमध्ये सातपर्यंत असतो, आणि हा तासाचा फरक लोक विसरतात. हिवाळ्यात वेळणेश्वरहून साडेतीनला निघालात तर आरे-वारेचा सूर्यास्त मिळतो, म्हणजे हेदवीची तीनची भरती आणि आरे-वारेचा सूर्यास्त दोन्ही एकाच दिवशी होत नाहीत. एक निवडा. मी भरती निवडते आणि सूर्यास्त तवसाळच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत बघते. तिथे भेळवाला नाही, कठडा नाही, फोटोची पाटी नाही. एक चहाची टपरी उघडी असेल तर असेल.

रोख पैसे लागतील का?

लागतील. स्कॅनर सगळीकडे आहे पण नेटवर्क नाही. शंभर आणि पन्नासच्या नोटा ठेवा, बोटीवर पाचशेचे सुटे मागितले की मागची सगळी रांग तुमच्याकडे बघते.

आजी-आजोबा बरोबर आहेत. झेपेल का?

झेपेल, ठिकाणं निम्मी करा. आरे-वारे, पुळे, मालगुंड, जेवून परत, एवढंही पुरे. कऱ्हाटेश्वरच्या पायऱ्या आणि बामणघळीचा कातळ गुडघेदुखीवाल्यांना नको, त्यांना वर देवळाच्या सावलीत बसवा. बोट मात्र दाखवाच. गाडी नुसती पलीकडे नेऊन परत आणलीत तरी चालेल. आमच्या सासूबाईंना ८१व्या वर्षी तसंच नेलं होतं, दोन फेऱ्या करून आणल्या आणि त्या अजून माहेरच्या लोकांना फोनवर सांगतात की मी गाडीसकट होडीत बसले.

स्वच्छतागृहाचं आधीच सांगते कारण कोणी विचारत नाही. पुळे आणि खानावळ, या दोन जागा धरून चाला. मधे काही भरवसा नाही.

टिप किती द्यायची?

नियम नाही. तेरा तास गाडी चालवून, मुलांची उलटी पुसून, बोट धरून दिली असेल तर दोनशे-तीनशे रुपये हातात द्या, पाकीट नको, सोपस्कार नको. आणि त्याच्या मुलाबाळांसाठी पुळ्याहून मोदकाचा प्रसाद घेतला असाल तर तो गाडीत विसरू नका. मागच्या महिन्यात एक डबा तसाच राहिला, सकाळी सहाला ड्रायव्हर परत द्यायला दारात आला आणि ते पाहुणे तोवर निघून गेले होते म्हणून मोदक आम्हीच खाल्ले.